वडिलांच्या नावाने हृदय-फुप्फुसाच्या संशोधनाला २० लाख द्यायचेत, तर मशीन घेऊन द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील इचलकरंजीत आयुष्यभर यंत्रमागावर, आधी कामगार मग जॉबर म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा. शेवटची काही वर्षं दम लागायचा, आधी सगळ्यांनी हार्टचं म्हणून गोळ्या दिल्या, फार उशिरा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आकसण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार, निघाला आणि शेवटी हार्ट फेल होऊनच गेले. आता भावंडांनी मिळून प्लॉट विकलाय, त्यातले २० लाख आपल्याच भागात हृदय आणि फुप्फुसाच्या आजारावर संशोधन व्हावं म्हणून द्यायचेत. एका हॉस्पिटलने इको मशीन, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणारं, सुचवलंय. ओळखीचे दोन सूतगिरणीवालेही सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्याला द्यायच्या पैशातून, तेवढेच घालायला तयार होतील. बहीण न्यू जर्सीला असते, डेटाच्या नोकरीत, तिलाही भर घालायचीय. टॅक्समध्ये किती सुटेल आणि वडिलांचं नाव कुठे लावायचं ते हवंय, आणि हे सगळं वर्षश्राद्धाच्या आत व्हावं अशी आईची इच्छा आहे.

दादा, आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलच्या रिसर्च ऑफिसात वीसेक वर्षं काढली, म्हणजे ग्रँटची बजेटं बनवणं, एथिक्स कमिटीच्या म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या फायली, यूसी म्हणजे पैसे कुठे गेले त्याचा दाखला, फील्डवरच्या पोरांचे पगार वेळेवर काढणं आणि देणगीदार आले की त्यांना चहा पाजून काय चाललंय ते दाखवणं, हे माझं काम. त्यामुळे देणगीचा पैसा कुठे मुरतो आणि कुठे फुकट जातो ते बऱ्यापैकी जवळून बघितलंय.

तर माझं मत सरळ आहे, मशीन देऊ नका, माणसांचे पगार द्या.

मला माहितीय हे ऐकायला बरं वाटत नाही. मशीन दिसतं, त्यावर पाटी लावता येते, उद्घाटनाला आईला नेता येतं. आपल्याकडे देवळात पंखा दिला तरी पात्यावर नाव रंगवतात, मग पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही ती गोष्ट वेगळी. हॉस्पिटललाही मशीनच हवं असतं कारण त्यावर पेशंट तपासून बिल होतं. त्यात वाईट काही नाही, पण ते संशोधन नव्हे, ती सेवा झाली. २० लाखात बऱ्यापैकी इको मशीन येईल, मग दरवर्षी एएमसी म्हणजे देखभालीचा करार, प्रोब बिघडला तर त्याचा वेगळा खर्च, आणि इको करणारा कार्डिओलॉजिस्ट तिथे आठवड्यातून एकदा येत असेल तर उरलेले दिवस मशीन कव्हर घालून बसणार. मी एका ठिकाणी देणगीतून आलेलं चांगलं पीएफटी म्हणजे फुप्फुसाची ताकद मोजायचं मशीन बघितलंय, पाटीसकट, टेक्निशियन सोडून गेला आणि नवीन भरायला बजेट नाही म्हणून त्याच्यावर फायली ठेवलेल्या.

संशोधन म्हणजे शेवटी काय, तर एक नेमका प्रश्न, तो विचारायला ठरलेली माणसं, आणि त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाणं. यातलं तिसरं सगळ्यात महाग आणि त्यालाच कोणी पैसे देत नाही.

आपल्याकडचीच उदाहरणं बघा ना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं, १९९० साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ५८ गावांत गावातल्याच माणसांना आणि दायांना शिकवलं, श्वास मोजायचा, न्यूमोनिया ओळखायचा, औषध द्यायचं. शेजारच्या ४४ गावांशी तुलना केली. तिकडे न्यूमोनिया झालेल्या मुलांत मृत्यूचं प्रमाण १३.५ टक्के, इकडे ०.८. ज्या दाईला साठपर्यंत मोजता येत नाही तिने मिनिटाचे श्वास कसे मोजायचे, तर त्यासाठी त्यांनी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं एक साधं साधन बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. बस. यात महागडं यंत्र कुठेय सांगा. महाग होतं ते शंभरेक गावांत जन्म-मृत्यूची प्रत्येक नोंद चुकू न देणं.

पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा अभ्यास १९९३ ला सुरू झाला, पुण्याजवळच्या ६ गावांतल्या बायका, गरोदरपणाआधीपासून, मग त्यांची मुलं. त्यातून कळलं की आपली बाळं वजनाने कमी, सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनची ३.५ किलो, पण चरबी त्या मानाने कमी नाही, आणि पुढे डायबेटिस आणि हृदयरोगाचा धोका इथूनच सुरू होतो असा तो धागा. या कामाला पैसा इंग्लंडच्या वेलकम ट्रस्टचा होता, म्हणजे हेन्री वेलकम नावाच्या औषधवाल्याने मृत्युपत्रात ठेवलेला, १९३६ पासून चालू असलेला धर्मादाय पैसा. एका माणसाने मरताना ठेवलेल्या पैशातून पुणे जिल्ह्यातल्या गावातली पोरं मोठी होईपर्यंत मोजली गेली. वर्षानुवर्षं त्याच घरी जायचं, उंची-वजन घ्यायचं, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तर तिथे जायचं, हा सगळा पगार आणि एसटीच्या तिकिटांचा खर्च आहे.

आणि कोकणात महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर तर तुम्हाला माहीतच असतील, २०२२ ला पद्मश्री मिळाली. विंचवाचा आणि हृदयाचा काय संबंध असं वाटेल पण लाल विंचू चावला की मरण येतं ते हृदयानेच, आधी दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी आणि तोंडाला फेस. हे त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात पेशंटच्या खाटेशेजारी बसून टिपलं, १९८२ ला लॅन्सेटमध्ये छापून आणलं, आणि प्राझोसिन नावाची ब्लडप्रेशरची स्वस्त गोळी त्यावर चालते हे दाखवलं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हा प्रश्न कोणाला पडलाच नसता कारण तिथे पेशंट पोचायच्या आतच गेलेला असायचा. लोकल संशोधन म्हणतात ते याला.

आता तुमच्या भागाचा प्रश्न काय असू शकतो. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०१८ ला भारताचे आकडे आले होते, जगाच्या लोकसंख्येत आपण १८ टक्के पण श्वसनाच्या जुनाट आजारांचा जो एकूण भार आहे त्यात ३२ टक्के आपला. आणि सीओपीडी म्हणजे बिडी-सिगारेटवाल्यांचा आजार हे तर अर्धंच खरं, डॉ. संदीप साळवींनी पुण्यातून २००९ मध्ये लॅन्सेटला हेच लिहिलं होतं की न ओढणाऱ्यांतही तो भरपूर आहे, चुलीचा धूर, कामावरची धूळ, जुना टीबी. तुमच्याकडे हे सगळं एकाच माणसात सापडतं. मागाखालची कापसाची धूळ, घरात चूल, शेजारी गुऱ्हाळ, तरुणपणी झालेला टीबी, वर तंबाखू.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, खूण अशी की सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्याच पाळीला छाती आवळते आणि मग आठवडाभरात सैल होते. पण तो जास्त करून सूतगिरणीत ब्लोरूम आणि कार्डिंगला, म्हणजे कापूस मोकळा करून पिंजतात तिथे, दिसतो, मागावर धूळ त्या मानाने कमी. त्यामुळे "यंत्रमाग कामगारांतला बिसिनोसिस" असा दणदणीत विषय घेऊन कोणी आलं तर लगेच हो म्हणू नका, विचारा की सायझिंग (सुताला खळ लावणं), वाइंडिंग (सूत गुंडाळणं), माग, सूतगिरणी वेगवेगळं मोजणार का, आणि धूळ प्रत्यक्ष मोजणार की नुसतं "धुळीत काम करता का" विचारणार.

मला विचाराल तर तुमच्या वडिलांच्या बाबतीत जे झालं तोच सगळ्यात चांगला प्रश्न आहे. दम लागतो म्हणून जे लोक हार्टच्या गोळ्यांवर आहेत त्यांच्यातल्या किती जणांची फुप्फुसाची तपासणी कधीच झालेली नाही, आणि केली तर कितींना सीओपीडी निघतो? उलटंही, पंप घेणाऱ्या कितींचा दम खरं तर हृदयाचा आहे? फुप्फुस वर्षानुवर्षं खराब असलं की त्यातल्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर वाढतं आणि हृदयाची उजवी बाजू थकते, शिवाय तंबाखू आणि धूर दोन्हीकडे मारा करतात, त्यामुळे पुष्कळ पेशंटना दोन्ही असतं. पण इको एका डॉक्टरकडे, स्पायरोमेट्री म्हणजे फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी दुसऱ्या गावाला, आणि ईसीजी मात्र गल्लीत होतो, म्हणून निदान ईसीजीच्या बाजूला झुकतं. हा प्रश्न छोटाय, दोन-तीन वर्षांत उत्तर मिळण्यासारखाय आणि उत्तर आलं तर तुमच्या तालुक्यातला जीपी म्हणजे साधा फॅमिली डॉक्टर दुसऱ्या दिवशीपासून वेगळं वागू शकतो.

स्पायरोमेट्री म्हणजे काय ते एकदा बघाच. लोकांना वाटतं नळीत फुंकलं की झालं. टेक्निशियन समोर उभा राहून अक्षरशः ओरडतो, "घ्या घ्या घ्या, पूर्ण घ्या, आता फुंका, जोरात, चालू ठेवा चालू ठेवा चालू ठेवा, अजून अजून अजून, थांबू नका," आणि समोरचा पासष्ट वर्षांचा माणूस लालबुंद होऊन सहा सेकंद फुंकत राहतो, मध्येच खोकला आला की तो फुंकर बाद. असे तीन तरी चांगले फुंकर लागतात आणि त्यातले सगळ्यात चांगले दोन एकमेकांच्या १५० मिलीच्या आत जुळायला लागतात. मग साल्ब्युटामोल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे चार पफ, पंधरा मिनिटं बाकावर, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय त्याची करायची नाही, टीबीची शंका असली तर आधी थुंकीची तपासणी. रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने मशीन जुळवून घ्यायचं, माणसागणिक नवीन फिल्टर. म्हणजे बघा, मशीन लॅपटॉपएवढं पण चांगला टेक्निशियन नसेल तर त्यातून येणारे आकडे कचरा. आणि हा टेक्निशियन दोन महिन्यांत तयार होत नाही, तयार झाला की जास्त पगारावर प्रायव्हेट लॅबवाले उचलतात.

आता २० लाखाचा हिशोब मांडतो. फील्डवरच्या माणसाला महिना २० हजार धरा, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रोजेक्टमध्ये खालच्या पदाला साधारण १८-२० हजारच आहे. दोन माणसं, ३६ महिने, १४ लाख ४० हजार. एक स्पायरोमेट्री करणारा, एक घरोघर जाणारा, आणि यातली एक तरी बाई असावी, नाहीतर घरातल्या बायका चुलीबद्दल, मिशरीबद्दल खरं सांगत नाहीत. राहिले ५ लाख ६० हजार. त्यात प्रवास, फिल्टर, औषध, डेटा एंट्री, छपाई, स्टॅटिस्टिशियनची फी. हॉस्पिटलकडे स्पायरोमीटर आधीच असेल तर हे बसतं, नसेल तर साधा पोर्टेबल घेऊन थोडं ताणावं लागेल. इको तिथल्या कार्डिओलॉजिस्टने ठरावीक संख्येपर्यंत फुकट किंवा सवलतीत करून द्यावेत हे करारातच लिहून घ्या, मशीन त्यांचं, माणसं तुमची.

त्या ५ लाख ६० हजारांतले निदान दीड-दोन लाख आजार सापडलेल्यांच्या उपचारासाठी बाजूला ठेवा. हा मुद्दा देणगीदार कधीच विचारत नाहीत आणि पुष्कळ डॉक्टरही बजेटमध्ये घालत नाहीत. तुम्ही कोणाच्या दारात जाऊन फुंकायला लावलंत, सांगितलंत की काका तुम्हाला सीओपीडी आहे, आणि मग काय? सरकारी दवाखान्यात इनहेलर मिळेलच असं नाही, विकत घ्यायचं तर दर महिन्याचा खर्च, मग तो माणूस पुढच्या वर्षी तुमच्या पोराला दार तरी का उघडेल. आणि तिसऱ्या वर्षी तो सापडणं हेच मुळात अवघड. इचलकरंजीत यूपी, बिहार, ओडिशाचे कामगार कितीतरी, खोली बदलते, मोबाइल नंबर बदलतो, माग बंद पडला की माणूस गावी जातो. सुरुवातीलाच दोन नातेवाइकांचे नंबर, मूळ गावाचा पत्ता घेणं आणि मधल्या काळात एखादा फोन करत राहणं, हे जो प्रोजेक्ट लिहितो त्याला फील्ड कळतं. जो लिहीत नाही त्याला विचारा किती टक्के लोक हातातून सुटतील असं धरलंय. उत्तर "शून्य" आलं तर नमस्कार करून निघा.

कोणाला द्यायचे हे मी नाव घेऊन सांगणार नाही. मेडिकल कॉलेजचा पीएसएम म्हणजे सामाजिक आरोग्याचा विभाग, धर्मादाय हॉस्पिटलचं रिसर्च सेंटर, किंवा गावात काम असलेली जुनी संस्था, यातलं काहीही चालेल. कोल्हापूरला सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल, मिरजेला सरकारी कॉलेज आहे, तिथे पेशंट भरपूर आणि शिकणारी मुलंही, पण सरकारी खात्यात पैसा गेला की माणूस भरायला वेळ लागतो, त्यामुळे तिथे द्यायचं तर एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टमार्फत पगार आणि कॉलेजशी करार असं जमतं का ते बघा. काही सरकारी कॉलेजांत केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाचं एमआरयू म्हणून युनिट असतं, असेल तर काम सोपं होतं.

संस्थेला भेटायला गेलात की चहा घ्या पण हे विचाराच. एथिक्स कमिटी आहे का आणि आरोग्य संशोधन विभागाकडे तिची नोंदणी आहे का, २०१९ च्या नियमांनंतर ती लागते. अभ्यास सीटीआरआयवर म्हणजे देशाच्या ट्रायल रजिस्ट्रीवर टाकणार का, औषधाचा ट्रायल नसला तरी टाकता येतो आणि एकदा तिथे टाकला की मागाहून प्रश्न बदलून सोयीचं उत्तर काढता येत नाही. मुख्य डॉक्टर सोडून गेले तर पुढे कोण, हे तर नक्कीच, कारण तीन वर्षांत डॉक्टर बदली होतात, प्रायव्हेटला जातात, परदेशी जातात, आणि प्रोजेक्ट अनाथ होतो. आधी काही छापलंय का, छापलेलं नसलं तरी जुना डेटा नीट ठेवलाय का ते बघा, कपाट उघडून दाखवा म्हणायला लाजू नका. ओव्हरहेड म्हणून संस्था दहा-पंधरा टक्के मागेल, त्यावरून घासाघीस करू नका, लाइटबिल आणि अकाउंटंट त्यातूनच निघतो.

पैसे एकदम देऊ नका. आधी एथिक्स कमिटीची मंजुरी आली की चाळीस टक्के, वर्षभराचं यूसी आणि एक पानी अहवाल आला की चाळीस, डेटा पूर्ण झाला की उरलेले. अहवाल मराठीत मागा, जो डॉक्टर आपलं काम एका पानात मराठीत सांगू शकत नाही त्याला बहुतेक वेळा स्वतःलाच ते नीट कळलेलं नसतं, हे माझं खासगी मत. पण एक गोष्ट तुमच्या बाजूनेही पाळा, निकालात नाक खुपसू नका. उत्तर "फरक दिसला नाही" असं आलं तरी ते छापलं गेलं पाहिजे, आणि छापायला देणगीदाराची परवानगी लागणार नाही हे करारात लिहा.

हे मी का सांगतोय, तर तुम्ही लिहिलंय की दोन सूतगिरणीवाले ओळखीचे आहेत, ते सीएसआरमधून तेवढेच पैसे घालायला तयार होतील. त्यांच्या शेडमधली धूळ त्यांच्याच पैशाने मोजायची म्हणजे जपूनच. अमेरिकेत १९५४ मध्ये सिगारेट कंपन्यांनी मिळून संशोधन समिती काढली होती, नाव एकदम निष्पाप, पैसा भरपूर, शास्त्रज्ञ नामांकित, आणि धंदा काय तर धूम्रपानाने कॅन्सर होतो हे अजून सिद्ध नाही असं दशकानुदशकं लोकांना वाटत ठेवायचं. तुमचे सूतगिरणीवाले तसे आहेत असं मी म्हणत नाही, भले लोक असतील. त्यांनी शेडमध्ये जाऊ दिलं, कामगारांना तपासणीच्या दिवशी भरपगारी दोन तास सोडलं आणि ज्यांना आजार निघाला त्यांना कामावरून काढणार नाही असं लिहून दिलं तर ती पैशापेक्षा मोठी देणगी. कामगाराला हीच भीती असते, नाव कळलं तर माग जाईल, म्हणून एकाही कामगाराचा रिपोर्ट मालकापर्यंत जाता कामा नये.

सीएसआरचं गणित वेगळंच आहे. ५०० कोटी नेटवर्थ, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यातलं एक काहीतरी असलेल्या कंपनीलाच ते लागू, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. सहकारी सूतगिरणी कंपनी कायद्याखाली येत नाही हेही बघा. आणि कायद्याच्या सातव्या परिशिष्टात संशोधनाचं जे कलम आहे ते मुख्यतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्था आणि प्रकल्पांसाठी आहे, त्यामुळे खासगी ट्रस्टच्या अभ्यासाला पैसे देताना कंपन्या तो आरोग्यसेवा, प्रतिबंधात्मक तपासणी या सदरात बसवतात. त्याचा परिणाम असा होतो की मग शिबिरं वाढतात, फोटो वाढतात, "इतक्या हजार लोकांची तपासणी" असे बॅनर लागतात, आणि त्याच माणसाकडे पुढच्या वर्षी परत कोणी जात नाही. तसलं शिबिर म्हणजे संशोधन नव्हे.

आता टॅक्स, यात तुमचा थोडा हिरमोड होईल. आयकराच्या ८०जी कलमाची सवलत असलेल्या साध्या ट्रस्टला दिलं तर निम्म्या रकमेची वजावट, आणि तीही तुमच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण १० टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणजे वर्षाचं उत्पन्न १५ लाख असेल तर दीड लाखाचीच देणगी धरणार, त्याचे निम्मे ७५ हजार वजा, बाकीचे साडेअठरा लाख टॅक्सच्या दृष्टीने देवाला. म्हणून भावंडांनी आपापल्या नावाने आणि दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागून दिलं तर जास्त सुटतं, तीन हप्त्यांचं वर सांगितलंच आहे ते इथेही कामाला येतं. संस्थेला वैज्ञानिक संशोधनासाठी आयकर कायद्याच्या ३५(१)(ii) कलमाची मान्यता असेल तर धंद्याचं उत्पन्न नसलेल्या माणसाला ८०जीजीए खाली पूर्ण रकमेची वजावट मिळते, पण अशी मान्यता मोजक्यांकडेच असते, कागद बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आणि हे सगळं जुन्या टॅक्स रेजीममध्ये, नवीन घेतली असेल तर काहीच नाही. रोख २ हजारांच्या वर चालत नाही. संस्थेकडून देणगीचा ठरावीक दाखला (जुन्या कायद्यात फॉर्म १०बीई) मिळायला हवा, नुसत्या पावतीवर आता भागत नाही. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत, तेवढं सीएला विचारून घ्या.

बहिणीचं सोपंही आहे आणि अवघडही. तिच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर तिने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय देणगी धरत नाहीत, ती कोणत्याही ट्रस्टला देऊ शकते. अमेरिकन नागरिक झाली असेल, ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड असलं तरी, तो परकीय पैसा, मग संस्थेला एफसीआरए म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या खात्यातच आला पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने असा पैसा घेऊन दुसऱ्या संस्थेला देणंही बंद आहे. "माझ्या खात्यात पाठव, मी माझ्या नावाने देतो" हा जो उद्योग घरोघरी सुचतो तो करू नका, संस्था बिचारी अडचणीत येते. ज्या संस्थेकडे एफसीआरए नाही तिच्या कामासाठी बहिणीने पैशाऐवजी वेळ द्यावा. तुम्ही लिहिलंय ती डेटाच्याच नोकरीत आहे, तर अशा अभ्यासाला दर महिन्याला डेटा तपासून देणारं माणूस पगारावर ठेवणं परवडत नाही, ते काम ती करू शकते. मात्र डेटा बघायला देण्याआधी नावं-पत्ते काढून टाकलेले असावेत आणि एथिक्स कमिटीला तसं कळवलेलं असावं.

काही जण सांगतील की कॉर्पस ठेवा, मुद्दल तसंच राहील आणि व्याजातून दरवर्षी काहीतरी होईल. ७ टक्क्यांनी २० लाखाचे वर्षाला १ लाख ४० हजार. एवढ्यात फील्डचा अभ्यास होत नाही, पण एमडी करणाऱ्या एका-दोघांच्या थिसिसला मदत होते. हे थिसिस सगळ्यांना करावेच लागतात आणि पैसे नसल्यामुळे बहुतेक वेळा वॉर्डात आलेल्या शंभर पेशंटवर उरकतात, तिथे थोडा पैसा दिला तर पोरं बाहेर पडतात. तुम्हाला कायम चालणारं काही हवं असेल तर हा रस्ता वाईट नाही. पण व्याजाची रक्कम महागाईत बारीक होत जाते, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर तीन वर्षांत सगळे खर्च करून एक उत्तर मिळवलं असतं. इथे भावंडांत मतभेद होतील, होऊ द्या, पण ठरवा एकच, निम्मे इकडे निम्मे तिकडे केलं की दोन्ही अर्धवट राहतं.

वडिलांचं नाव कुठे लावायचं हे विचारलंय. पदाला लावा. फील्डवरच्या त्या दोन जागांना त्यांच्या नावाची फेलोशिप म्हणा, पेपर छापून येईल तेव्हा आभाराच्या ओळीत नाव येईल, आणि ती पोरगी कामगारवस्तीत जाईल तेव्हा तिच्या ओळखपत्रावरही असेल. संस्था याला सहसा नाही म्हणत नाही कारण खर्च काही नाही.

आणि वर्षश्राद्धाचं. आईंना सांगा की त्या तारखेला पूर्ण व्यवहार होणार नाही, एथिक्स कमिटीची बैठक, शंका, सुधारित प्रपोजल, पुन्हा बैठक यात दोन-तीन महिने सहज जातात आणि घाई केलीत तर हॉस्पिटल तुम्हाला परत मशीनकडेच नेईल, कारण मशीनची ऑर्डर एका दिवसात देता येते. त्या दिवशी इरादापत्र द्या, वाटलं तर लाखभर रुपये प्रपोजल नीट लिहून घ्यायला आणि पंधरा-वीस घरांत प्रश्नावली तपासून बघायला द्या, त्याला पायलट म्हणतात आणि त्याला तर कोणीच पैसे देत नाही. पायलटच्या दिवशी तुमच्यापैकी कोणीतरी त्या पोरांबरोबर वस्तीत फिरून या, घरात मात्र शिरू नका, विचारपूस चालू असताना देणगीदार समोर बसला की लोक गोड उत्तरं देतात. प्रपोजल हातात आलं की इथे टाका, संस्थेचं नाव झाकून, बजेटचं पान मी बघून देतो.